शिलाईच्या दुकानाशेजारची गिरण

एसटी स्टँड पेठेच्या तोंडाशी होता, तोवर पेठ चालेल की नाही हा प्रश्न आमच्या गावात कुणाला पडला नव्हता. गाडीतून उतरलेल्या माणसाला कुठेही जायचं असो, तो पेठेतूनच जायचा. पुरुष चपलेला टाके मारून घ्यायचे, बायका कासारणीकडे बांगड्या भरायच्या, माझ्याकडे ब्लाऊज टाकून पुढे जायच्या. मग खाडीच्या अंगाने बाहेरचा रस्ता झाला आणि दोन-तीन वर्षांत स्टँडही तिकडे गेला. शनिवार-रविवारी समुद्रावर जाणाऱ्या मुंबईच्या गाड्या आता त्या रस्त्याने सुसाट जातात. आत एक बाजारपेठ आहे हे त्यांना ठाऊकही नसतं.

पेठेतली दुकानं एकदम बंद पडली नाहीत. आधी फोटो स्टुडिओ गेला, मग घड्याळं दुरुस्त करणारा गेला. भांड्यांच्या दुकानदाराने नव्या रस्त्यावर शोरूम टाकली. राहिलो ते आम्ही. माझं ब्लाऊज आणि पिको-फॉलचं दुकान, त्याला लागून पिठाची गिरण, समोर शेठचं कापडाचं दुकान, त्याच्या ओट्यावर कासारीण, पुढे औषधांचं दुकान, सलून, एक चांभार आणि झेरॉक्स काढून ऑनलाइन फॉर्म भरून देणारी एक मुलगी.

मी मूळची तळा गावची. लग्न होऊन इथे आले ती शिलाई मशीन घेऊनच. यजमान एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. मुलगी लग्न होऊन चौलला गेली. म्हणजे संसाराची फार ओढाताण नव्हती, पण दुकानात बसायची सवय अंगात भिनलेली. नव्या रस्त्यावर एक इमारत झाली, तिच्या खाली गाळे निघाले, तेव्हा मीही एका गाळ्याला हो म्हणून बसले. गणपती झाले की हलायचं, असं घरात ठरलं.

खरं सांगायचं तर मला गिऱ्हाइकांपेक्षा गिरणीचा वैताग जास्त होता. आमची भिंत एकच. वरच्या फटीतून पीठ यायचं आणि माझ्या कपाटावर, मशीनवर, टांगलेल्या कपड्यांवर बसायचं. एकदा एका नवरीचा जांभळा रेशमी ब्लाऊज मी रात्रभर टांगून ठेवला होता. सकाळी बघते तर खांद्यावर पांढरा थर. झटकला तर अजून आत गेला. मी तशीच तो ब्लाऊज हातात घेऊन गिरणीच्या दारात गेले.

"काका, तुमच्या गिरणीने माझा धंदा बसवलाय!"

गिरणवाले काका सत्तरीच्या पुढचे. बायको गेलेली, मुलगा पनवेलला. गिरणीच्या मागच्या खोलीत एकटे राहायचे. ते ब्लाऊजकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मी काय करू? पीठ म्हटलं की उडणारच." त्यानंतर महिनाभर आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मी सकाळी दुकान उघडताना त्यांच्याकडे पाठ करायची, ते घसा खाकरून आत जायचे.

त्या पावसाळ्याच्या आधी त्यांना दिसेनासं झालं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा आला आणि त्यांना पनवेलला घेऊन गेला. गिरणीच्या दाराला कुलूप लागलं आणि वर खडूने लिहिलेली पाटी, 'गिरण बंद आहे'.

पहिले तीन-चार दिवस मला फार बरं वाटलं. मी दुकान धुऊन काढलं, पडदे धुतले, कपाटाच्या माथ्यावरचं पीठ पुसलं. आवाज नाही, धूळ नाही. रेडिओवरची बातमी पहिल्यांदा नीट ऐकू आली.

मग लक्षात आलं की मी बातमीच ऐकत बसले आहे. मापं घ्यायला कुणी येत नव्हतं. समोर शेठ पंख्याखाली बसून वर्तमानपत्राची शेवटची पानंसुद्धा वाचत होते. कासारीण दुपारीच पेटी आवरून घरी जायला लागली. ऊन फार आहे, लग्नं संपली, पेरणीचे दिवस आहेत, अशी कारणं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

दुसऱ्या आठवड्यात एक मावशी आल्या. आतल्या डोंगराकडच्या एका गावातून त्या महिन्यातून दोनदा सकाळच्या गाडीने यायच्या. दोन-तीन वर्षं माझं गिऱ्हाईक होत्या. हातात तांदळाचा पत्र्याचा डबा, खांद्याला पिशवी. गिरणीच्या पाटीसमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय गो बाय?"

"बंद आहे मावशी. काकांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालंय."

"मग कवा उघडंल?"

"काही कळलं नाही."

"आता ह्यो डबा घेऊन मी कुटं जाऊ? स्टँडापासून चालत आणलाय."

मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे फिरवला. सहज विचारलं, "तुमच्या गावात नाही का गिरण?"

"हाय ना. पन लाइट असतो तवा गिरणवाला न्हाय, नि गिरणवाला असतो तवा लाइट न्हाय." मग हसून म्हणाल्या, "आनि गावातच दळलं तर मी घरातनं निगू कशी? दळायला जाते म्हनलं की कोन काय इचारत न्हाय. डबा गिरनीत ठेवला की तास-दीड तास माजा. बांगड्या भरते, गुडघ्याच्या गोळ्या घेते, त्या पोरीकडनं पेन्शनीचं बघून घेते, तुज्याकडं येते. नुसतं ब्लाऊज शिवाया चालले म्हनलं तर सून इचारंल, मागल्या महिन्यात शिवलात त्याचं काय झालं?"

"मग आज?"

"आज जाते परत. पुढच्या बाजाराला मोटी गिरन हाय म्हनतात, आता तिकडंच जाईन."

त्यांच्या पिशवीतून हिरव्या ब्लाऊजपिसाचं टोक दिसत होतं. ते त्यांनी बाहेर काढलं नाही. डबा उचलून निघून गेल्या.

त्या गेल्यावर मी मशीनवर बसले, पण टीप काही सरळ येईना. संध्याकाळी चहा घेताना यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे मला विचारलं असतंस तर मी आधीच सांगितलं असतं. तीस वर्षं सकाळच्या गाड्या केल्यात. दर दुसऱ्या बाईच्या मांडीवर डबा. मी म्हणायचो, मावशी, डब्याचं तिकीट काढा. त्या बायका पेठेत येत नव्हत्या गं. दळायला येत होत्या."

"आणि आम्हाला वाटत होतं, आमच्याकडे येतात."

"तुमच्याकडेही येत होत्या. पण निघत होत्या दळणासाठी."

नव्या गाळ्यात गेले तरी तिथे ही बाई कशाला येईल, हा विचार मग डोक्यातून जाईना. तिथे मोबाईलची दुकानं, एक बँक, एक हॉटेल. डबा ठेवून तासभर फिरायला तिथे होतं काय?

काका तीन आठवड्यांनी परत आले. डोळ्यांवर काळा चष्मा, बरोबर मुलगा. ते आले ते सामान न्यायला. डॉक्टरांनी धुळीत काम करायला सक्त मनाई केली होती. पेणचा कुणी माणूस गिरणीची मोटार बघायला येणार होता. हे मला कासारणीने सांगितलं. मी हातातला ब्लाऊज तसाच सुईसकट ठेवला आणि गिरणीत गेले. महिन्याहून जास्त दिवसांनी आम्ही बोलत होतो.

"काका, गिरण मला द्या चालवायला."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. आता त्यांना स्पष्ट दिसत असणार.

"तुला? तूच म्हणाली होतीस, गिरणीने धंदा बसवला."

"म्हणाले होते. चुकले."

"चुकली नाहीस. माझ्या पिठाने तुझं रेशीम खराब झालं ते खरंच होतं. मला तेव्हा तसं म्हणता आलं नाही." मग म्हणाले, "तुला वाटतं तेवढं सोपं नाही. दोन दगड फिरतात एवढंच दिसतं लोकांना."

"म्हणून तर शिकवा म्हणते."

मुलगा पिशव्या बांधत होता, तोच म्हणाला, "बाबा, पेणचा माणूस मोटार नेईल, दगड नेणार नाही. ते दगड मग मी एकट्याने कुठे टाकू? त्यापेक्षा राहा महिनाभर इथे, शिकवा यांना. पनवेलला तरी दिवसभर गॅलरीतच बसणार आहात."

काका हसले नाहीत, पण पिशव्या बांधायचं थांबलं.

शिकवणी कशी झाली ते पेठेत अजून हसून सांगतात. काकांना गिरणीत पाऊल टाकायची बंदी. म्हणून ते समोर शेठच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यापलीकडून मला शिकवायचे. गिरण सुरू झाली की मला त्यांचं काही ऐकू यायचं नाही, पण त्यांना दगडाचा आवाज बरोबर ऐकू जायचा. आवाज बिघडला की ते काठी वर करायचे, म्हणजे दगड सैल कर. काठी खाली, म्हणजे आवळ. मी त्यांच्याकडे बघत नसले तर शेठ ओट्यावरून उतरून धावत यायचे आणि अर्ध्या गुजरातीत ओरडायचे.

"बेन, काका काठी हलवून दमले! ढीलुं करो, ढीलुं!"

मला पहिला धडा मिळाला तो दळणाच्या क्रमाचा. मला वाटायचं, जो आधी आला त्याचं आधी. तसं नसतं. सकाळी आधी तांदूळ, मग नाचणी, त्यानंतर गहू आणि अगदी शेवटी हरभरा. हरभऱ्यावर तांदूळ टाकला तर भाकरीला बेसनाचा वास येतो, आणि ती बाई पुन्हा येत नाही. ज्यांचा नंबर मागे जातो त्यांना समजावायचं, आणि समजावताना त्यांना वाईट वाटू द्यायचं नाही. "तुमचा गहू दोन गव्हांच्या मधे टाकते, म्हणजे स्वच्छ येईल," असं सांगायला काकांनीच शिकवलं. पिठाच्या धारेखाली हात धरायचा. कोमट लागलं तर ठीक, चटका लागला तर पीठ बिघडलं. दोन बोटांत चोळून बघायचं. ते मात्र मला लगेच जमलं. आयुष्यभर कापडाचा पोत बोटांनीच ओळखला होता.

आणि टाकी. दगड झिजून गुळगुळीत झाले की ते उघडून छिन्नीने खरखरीत करावे लागतात. पहिली टाकी लावायच्या दिवशी काका ऐकेनात. तोंडाला फडकं बांधून आले, दारात उकिडवे बसले आणि मला एक एक घाव कुठे घालायचा ते दाखवत राहिले. माझा हात भरून आला. दुसऱ्या दिवशी काज करायला सुई धरता येईना.

तरी घोटाळा झालाच. काका तपासणीसाठी पनवेलला गेले होते तेव्हाची गोष्ट. मावशी, त्याच डोंगराकडच्या, तांदूळ घेऊन आल्या. गिरण सुरू झाल्याचं गाडीत कळलं म्हणाल्या. मला आनंद झाला आणि त्या आनंदात मी ठरवलं, यांना अगदी मऊ पीठ द्यायचं. दगड आवळले. पीठ मैद्यासारखं आलं, हाताला गरम लागलं, पण मी स्वतःला सांगितलं की एवढं गरम लागणारच.

दोन आठवड्यांनी त्या आल्या त्या फडक्यात भाकरी बांधून. माझ्यासमोर फडकं सोडलं. भाकरीचे चार तुकडे.

"बघ. थापाया घेतली का फाटते. जाळलंस माजं पीठ."

गिरणीत आणखी दोघी होत्या. मी घाईने म्हणाले, "मावशी, चुकलं माझं. घरचं पीठ देते मी तुम्हाला."

"मला तुजं पीठ नको. माजं तांदूळ आनलेत परत. दळ. पन माज्यासमोर."

त्या दारातल्या पोत्यावर बसल्या आणि डोळ्याची पापणी न लववता माझे हात बघत राहिल्या. मी दगड सैल केले, तांदूळ हळूहळू सोडले, दर मिनिटाला पिठाखाली हात धरला. समोरच्या ओट्यावर काका होते. त्यांनी काठी मुद्दाम मांडीवर आडवी ठेवली होती. मदत करायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं हे मला नंतर कळलं. पीठ झालं. मावशींनी चिमूटभर घेऊन चोळलं, वास घेतला, जिभेवर ठेवलं.

"व्हय," एवढंच म्हणाल्या. डबा बंद केला, माझ्या दुकानात आल्या आणि हिरवं ब्लाऊजपीस काढून म्हणाल्या, "गळा मागच्यासारका न्हाय, जरा वर घे."

त्या संध्याकाळी मी गाळ्याच्या मालकाकडे जाऊन नको म्हणून सांगितलं. तो चांगला माणूस होता. "ताई, तिथे राहून काय मिळणार तुम्हाला?" असं त्याने काळजीने विचारलं. "सध्या बरं चाललंय," एवढंच मी म्हणाले.

पिठाच्या धुळीवरही उपाय निघाला, आणि तो माझ्याच कामातून. गिरणीच्या तोंडाला पीठ डब्यात पडावं म्हणून एक कापडी बाही असते. काकांची बाही जुन्या धोतराची, विरलेली, दोऱ्याने आवळलेली. सगळं पीठ तिच्यातून उडायचं. मी जाड मांजरपाटाची दुहेरी बाही शिवली, टोकाला इलास्टिक घातलं, म्हणजे ती डब्याच्या तोंडाला घट्ट बसेल. भिंतीवरची फट यजमानांनी सिमेंटने बुजवली. काकांनी बाही हातात घेऊन उलटसुलट करून बघितली.

"चाळीस वर्षं शेजारी शिंपीकाम चालतंय आणि मला हे सुचलं नाही," ते म्हणाले.

"मलाही नाही सुचलं. मी भांडत होते ना."

आता सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत मी गिरणीत असते. मग अंघोळ, जेवण, स्वच्छ साडी, आणि तीन वाजल्यापासून शिलाई. अंघोळीशिवाय मी कापडाला हात लावत नाही. यजमान सकाळी डब्यांवर खडूने नाव आणि गाव लिहायचं काम करतात. त्यांना ते मनापासून आवडतं. कोण कुठल्या गाडीने आलं, परतीची गाडी किती वाजता, हे त्यांना तोंडपाठ असल्यामुळे कुणाचं दळण आधी उरकायला हवं ते तेच सांगतात.

पेठ काही पुन्हा पूर्वीसारखी झालेली नाही. चांभार शेवटी मुलाकडे निघून गेलाच. त्याच्या जागेसमोरून जाताना अजून पाय रेंगाळतो. स्टुडिओचं शटर गंजलंय. शेठकडे साड्या फारशा खपत नाहीत, पण गाऊन आणि शाळेचे गणवेश ठेवायला लागल्यापासून त्यांचं वर्तमानपत्र अर्धंच वाचून होतं. कासारीण संध्याकाळपर्यंत बसते. ओट्यावर शेठने स्वतःहून एक लांब बाक टाकलाय, दळणाची वाट बघणाऱ्यांसाठी. झेरॉक्सवाली मुलगी तिथेच बायकांना गाठून, "काकी, आधार कार्ड अपडेट केलं का?" म्हणून विचारते. शेठच्या माडीवर एक दाताची डॉक्टरीण आठवड्यातून दोन दिवस यायला लागली आहे. इथे का आलीस म्हणून मी तिला विचारलं, तर म्हणाली, "नव्या रस्त्यावर जागा बघितली होती. पण तिथे सगळे गाडीतले. इथे माणसं बसलेली दिसली."

काका पंधरा दिवस पनवेलला, पंधरा दिवस इथे असतात. तिकडून येताना सुनेने दिलेला गव्हाचा डबा आणतात, कारण तिकडच्या दळणाला चव नाही म्हणे. गेल्या आठवड्यात आले तेव्हा गिरणीत सात-आठ डबे होते. गणपती जवळ आलेले, त्यामुळे मोदकांसाठी धुऊन सुकवलेल्या तांदळांची गर्दी. काकांनी आपला डबा सरळ पुढे सरकवला.

"काका, आज तांदूळ चाललाय. गहू शेवटी."

"मी या गिरणीचा मालक आहे."

"मालक असा नाहीतर कुणी असा. गव्हावर मोदकाचं पीठ काढून दिलं तर या बायका मला सोडतील का?"

बाकावरच्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "काका, बसा आमच्यात. शेंगा खा." काकांनी डबा रांगेत शेवटी नेऊन ठेवला, यजमानांनी त्यावर खडूने 'पनवेल' असं लिहिलं, आणि काका बाकावर जाऊन बायकांनी सरकून करून दिलेल्या जागेत बसले. शेंगा सोलता सोलता त्यांनी एकदा कान देऊन दगडाचा आवाज ऐकला, पण काठी काही वर केली नाही.